भाटव्याची न पळणारी गाडी

आमच्या भाटव्याला एसटीत सरळ बसता येत नसे. गाडी वळणावर आली की हा इसम अख्खं अंग वळणाच्या बाजूला टाकून देई. दोन्ही मुठी समोरच्या दांडीवर अशा आवळलेल्या, की एसटी ड्रायव्हर नव्हे, हाच चालवतो आहे. पांढरकवड्याहून यवतमाळला जाताना एकदा शेजारच्या बाईच्या मांडीवरची वांग्यांची पिशवी त्यानं याच पायी खाली पाडली. वांगी पार कंडक्टरच्या पायापर्यंत गेली. बाई खवळली, "सरळ बसता येत नाई काय हो भाऊ?" यानं शांतपणे उत्तर दिलं, "वळण होतं." आणि वांगी मी गोळा केली.

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. तोंडावर अर्थातच भाऊजी. तोंडावर 'या, बसा, जेवा', आणि तो घरातून बाहेर पडला की जे काय म्हणायचं ते. जवायाचा मान ही मोठी वाईट गोष्ट आहे. मी बावीस वर्षं या माणसाला 'तुम्ही' म्हटलं आणि मनातल्या मनात दात खाल्ले. आता तो नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो आहे. तो असता तरी लिहिलं असतं, फक्त ताईनं मला जेवायला बोलावणं बंद केलं असतं.

पांढरकवड्यात त्याला सगळे 'चॅम्पियन' म्हणत. कशाचा चॅम्पियन? मोटारसायकलच्या शर्यतीचा. आणि गंमत ऐका, या चॅम्पियननं जन्मात खरी मोटारसायकल चालवली नव्हती. चालवणं सोडा, मागच्या सीटवरही बसला नव्हता. गावात सायकलवर फिरायचा, आणि स्पीडब्रेकर आला की खाली उतरून सायकल हातानं पलीकडे न्यायचा. त्याची शर्यत चालायची ती व्हिडिओ गेमच्या मशीनवर, घरात, ताईच्या शिलाई मशीनच्या शेजारी, पंख्याखाली.

हे मशीन घरात आलं कसं, ती आमच्या घराण्याच्या अब्रूची गोष्ट आहे. धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जवायाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, ताटात दिवा लावून वाण द्यायचं, ही रीत. त्या वर्षी कापूस बरा झाला होता. बाबांनी मोठ्या मनानं म्हटलं, "जवाईबापू, लग्नात तुमाले गाडी द्यायची राहून गेली. औंदा घेऊन देतो. कोणती पाहिजे ते सांगा." भाटवा हात जोडून म्हणाला, "गाडी नको मामाजी." बाबांचे डोळे भरून आले. असा निर्लोभी जवाई! त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तो पुढं बोलला, "यवतमाळले स्टँडजवळ एक मशीन आहे, भंगारात जाऊन राह्यलं. ते द्या."

हा माणूस तरुणपणी यवतमाळला आयटीआय करत होता. म्हणजे घरचे समजत होते की करतो आहे. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, तिथं हा पडलेला असे. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, दुकान ओस पडलं, मालकानं मशिनं भंगारात काढली. त्यातलं एक आमच्या जवायानं वाण म्हणून मागितलं. बाबा शब्दाचे पक्के. पंधरा दिवसांनी मेटॅडोरमधून मशीन ताईच्या घरी आलं. लाल फायबरची मोटारसायकल, हँडल, सीट, सगळं खऱ्यासारखं, खाली लोखंडी चौकटीत रोवलेली, आणि समोर जुन्या टीव्हीसारखा डब्बा. बसून अंगानं डावी-उजवीकडे कलंडवली की डब्ब्यातली गाडी त्या बाजूला पळायची.

नवी गाडी घरात आली म्हणजे पूजा आलीच. आईनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. मग बाबा हातात लिंबू घेऊन वाकले आणि तसेच राहिले. गाडीखाली लिंबू ठेवायचं तर चाक पाहिजे. चाकाच्या जागी नुसतं रंगवलेलं चित्र. बाबा म्हणाले, "लिंबू कायच्या खाली ठिवू मी?" अख्खी आळी जमली होती. भाटव्यानं ते लिंबू घेतलं, सुरीनं कापलं आणि सगळ्यांना सरबत केलं. बाबांनी ते प्यायलं नाही. त्यानंतर वर्षभर ते कुणी 'जवायाला काय दिलं?' विचारलं की शेताकडे निघून जात.

धंद्यानं तो मोटार रिवाइंडिंगवाला. शेतातली जळालेली पंपाची मोटार उघडायची, काळी झालेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. हात सोन्यासारखा होता, हे मी नाइलाजानं कबूल करतो. त्यानं बांधलेली मोटार परत येत नसे. पण गिऱ्हाईक दारात, तुरीला पाणी द्यायचं खोळंबलेलं, आणि हा आतल्या खोलीत हेल्मेट घालून शर्यत खेळतो आहे. हो, हेल्मेट! पंख्याखाली, बनियनवर, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि डोक्यावर हेल्मेट. मी एकदा विचारलं, "भाऊजी, घरात कायले पाहिजे हे?" तर म्हणाला, "सवय राह्यते." कशाची सवय, कुणाला ठाऊक.

त्या मशीनला एक खोड होती. लाइन गेली की त्याच्या पोटातले सगळे नंबर पुसले जायचे. पडद्यावर पहिल्या दहा नंबरांची यादी यायची, दहाही ठिकाणी याच्याच नावाची इंग्रजी तीन अक्षरं. आणि आमच्याकडे लाइन जाणं म्हणजे रोजचं. मग यानं काय केलं? इन्व्हर्टर घेतला. मशीनसाठी. मे महिन्यात, पांढरकवड्यात, जिथं दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही, तिथं लाइन गेली की ताईचा कूलर बंद आणि मशीन सुरू. ताई पदरानं वारा घेत ओरडे, "माह्या कूलरले इन्व्हर्टर नाई, अन् या टिनपाटाले आहे!" तो म्हणे, "कूलर बंद झाला त परत लावता येते. नंबर गेला त गेला." ताईनं दोन वेळा माहेरी यायची धमकी दिली. मी म्हटलं, ये. ती आली नाही.

दुकानाच्या बाजूला बबनचा पानठेला. बबनचा मुख्य धंदा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं आणि जोडधंदा चॅम्पियनची फिरकी घेणं. चार लोक जमले की तो हटकून विचारायचा, "चॅम्पियन, एवढा मोठा रेसर तू, खरी गाडी काहून चालवत नाई?" आणि हा भर रस्त्यावर, चार लोकांत, हातात पाना घेऊन सांगायचा, "भेव वाटते."

बस. एवढंच. पुढे काही नाही.

मला तिथल्या तिथे मरावंसं वाटे. अरे, आमच्या भागात माणूस काय काय सांगेल! कंबर धरते म्हणेल, डोळ्याचा नंबर वाढला म्हणेल, ज्योतिष्यानं मना केलं म्हणेल. पण भेव वाटते? मिशा फुटलेला माणूस असं बोलतो? लोक खो खो हसत आणि हा त्यांच्याबरोबर हसे. मी त्याला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊजी, काहीतरी दुसरं सांगत जा न." तो म्हणाला, "दुसरं काय सांगू? तेच आहे न." मूर्ख माणसाला शहाणपण शिकवायला गेलो, चूक माझीच.

आणि ज्यानं गाडीला हात लावला नाही, त्यानं गाडीवर सल्ले द्यावेत, याला काय म्हणावं? मोटार न्यायला आलेल्या शेतकऱ्याला तो मोटारीसोबत उपदेश फुकट देई. "वळणावर घाबरून ब्रेक नाई मारायचा, वळणाआधीच मारायचा." "पडला त घाई नाई करायची, तीन सेकंद थांबायचं, गाडी आपोआप उभी राह्यते." हे त्याच्या मशीनमधलं. तिथं गाडी ट्रकवर आपटली की तीन कोलांट्या खाऊन, धूर काढून, तीन सेकंदांत नवी कोरी उभी राहायची. आणि त्याचा सगळ्यात लाडका सल्ला, "ज्याच्याकडे पाह्यशील त्याच्यावरच आदळशील. ट्रककडे नाई पाह्याचं. ट्रकच्या बाजूची रिकामी जागा पाह्याची." शेतकरी मान डोलवत आणि बाहेर येऊन बबनजवळ हसत.

मी स्वतः गुरांचा खाजगी डॉक्टर, राहायला पांढरकवड्याबाहेरच्या आमच्या गावी. केळापूर तालुक्यातली गावं, कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, सगळीकडे माझी मोटारसायकल जायची. म्हैस अडली, बैलाचं पोट फुगलं, गाय पान्हवत नाही, फोन आला की मी निघालो. पंधरा वर्षं पावसाचिखलात गाडी हाणली. त्यामुळे हा हेल्मेटवाला चॅम्पियन मला 'डाक्टर, वळणावर झुकत जा जरा' असं सांगायचा तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग एके दिवशी संध्याकाळी पाटणबोरीकडून परत येताना तुरीच्या शेतातून रोही निघाला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं धूड, त्याला रस्ता काय अन् शेत काय. मला तो अगदी लख्ख दिसला. त्याचं नाक, त्याच्या मानेखालचा केसांचा झुबका, सगळं. आणि मी सरळ त्याच्यावर गेलो. डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले. यवतमाळला नेऊन आत सळी टाकली. चार महिने खाटेवर.

चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, पाय पक्का झाला, आता काही करा. बायकोनं गाडी दुरुस्त करून आणवली होती. नजर उतरवली, नारळ फोडला, या खेपेला लिंबूही खऱ्या चाकाखाली गेलं. मी हेल्मेट घातलं, बटण दाबलं, गाडी फाटकापर्यंत आणली. आणि हात थरथरायला लागले. असे की मुठी हँडलवर टिकेनात. गाडी बंद पडली. बायको ओट्यावरून पाहत होती. मी म्हटलं, "पाय दुखतो अजून."

दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच. पाय ठणठणीत होता, मी मळ्यात चार चार तास उभा राहत होतो. पण फाटकाच्या बाहेर गाडी जाईना. आणि हे मी कुणाला सांगणार? बायकोला? बाबांना? मी, ज्यानं भाटव्याला अठरा वर्षं भित्रट म्हटलं? गाडी सुटली म्हणजे माझा धंदा सुटला, एवढं साधं गणित होतं. काळीपिवळी जीपची वाट पाहत बसणारा गुरांचा डॉक्टर कुणाला पाहिजे? म्हैस काय तेवढी थांबते?

नाहीच थांबली. नऊ किलोमीटरवरच्या तांड्यातून किसनचा फोन आला. पहिलटकर म्हैस अडली होती, पोटातलं पारडू आडवं. "डाक्टर, या न लवकर." मी गाडीवर बसलो. फाटकाजवळ तेच झालं. मी त्याला फोन करून सांगितलं, पाय साथ देत नाही, दुसऱ्या कुणाला बोलव. दुसरा कुणी पोचला नाही. दुपारी किसनचा परत फोन. मला वाटलं शिव्या घालेल. तो म्हणाला, "म्हैस गेली, डाक्टर. तुमी पायाची काळजी घ्या. पाय पहिले." मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसलो. त्या माणसानं माझ्या धडधाकट पायाची विचारपूस केली होती.

दोन दिवसांनी घरची पंपाची मोटार जळाली, ती घेऊन मी काळीपिवळीनं पांढरकवड्याला गेलो. भाटवा दुकानात तार गुंडाळत बसला होता. त्यानं जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तार न सोडता विचारलं, "भेव वाटते काय?"

मी भडकलो. काय काय बोललो ते आठवत नाही. जवायाचा मान वगैरे सगळा गेला चुलीत. "सगळे काय तुमच्यासारखे आहेत काय?" हे मात्र नक्की म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "मले तं वाटते बापा." मग उठून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, जेणेकरून बबनला आतलं दिसू नये, आणि मला आतल्या खोलीत नेऊन त्या मशीनवर बसवलं.

मला वाटलं, हसतील लोक. पण तिथं ताईशिवाय कुणी नव्हतं आणि ती पोळ्या लाटत होती. पडद्यावर रस्ता सुरू झाला. निळं आकाश, टिंग टिंग संगीत, समोरून पोरकट चित्रातला एक ट्रक. आणि तुम्हाला खोटं वाटेल, त्या चित्रातल्या ट्रकला पाहून माझे हात थरथरले. धाडकन आपटलो. रायडर कोलांट्या खात गेला. मागून भाटव्याचा आवाज, "एक... दोन... तीन. झाला उभा. चाल पुढे." मी म्हटलं, "मी पडून राह्यलो न भाऊजी!" तो म्हणाला, "पडू दे. पडायलेच बसवलं तुले."

बारा दिवस मी रोज गेलो. बायकोला सांगायचो, पायाला मालिश करायला जातो. बारा दिवस हा हेल्मेटवाला मास्तर माझ्या मागे स्टुलावर बसून डोकं खायचा. "कुठी पाहून राह्यला? ट्रककडे? मंग आदळशीलच न! रिकामी जागा पाह्य." मी ट्रककडे पाहत होतो, हे खरं होतं. मग मला एकदम तो रोही आठवला. त्याचं नाक, त्याचा झुबका. मी त्याच्याकडेच पाहत गेलो होतो. बाजूला अख्खा रस्ता रिकामा होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. हे मला पंधरा वर्षं गाडी हाणून कळलं नाही आणि या स्पीडब्रेकरला सायकलवरून उतरणाऱ्या प्राण्याला ठाऊक होतं! मला त्याचा इतका संताप आला की विचारू नका.

संतापाचा एक फायदा झाला, मी बरा खेळायला लागलो. अकराव्या दिवशी यादीत दहाव्या नंबरावर माझी तीन अक्षरं आली. भाटव्यानं हात मिळवला, ताईला बोलावून दाखवलं, चहा केला. बाराव्या दिवशी गेलो तर दहाव्या नंबरावर परत त्याचीच अक्षरं. एवढा कोत्या मनाचा माणूस! मी म्हटलं, "भाऊजी, एक दिवस तरी राहू द्यायचं होतं." तर नजर चुकवून म्हणतो, "तू उद्यापासून खऱ्या रस्त्यावर चालला, तुले इथं नंबर कायले पाहिजे?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा. काळीपिवळीनं आला होता, डोक्यावर ते हेल्मेट. बायकोला सांगितलं, "डाक्टरले घेऊन तांड्यावर चाललो, किसनची मोटार पाह्याची आहे." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काढ गाडी. मी बसतो मागं."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पांढरंफटक पडलं होतं. जन्मात मोटारसायकलवर न बसलेला माणूस, त्यात मागे बसणार कुणाच्या, तर माझ्या. मी म्हटलं, "तुम्हाले भेव वाटते न?" तो म्हणाला, "वाटते. काढ लवकर, नाईतर मी जातो वापस."

फाटकाजवळ हात थरथरले. पण मागे त्यानं मला दोन्ही हातांनी असा घट्ट आवळला होता की त्याचीच थरथर जास्त होती. माझी कोणती आणि त्याची कोणती, कळेना. गाडी फाटकाबाहेर गेली. आणि मग सुरू झाला तमाशा. हा डोळे गच्च मिटून बसलेला. डोळे मिटलेले, त्यामुळे वळण दिसत नाही, पण गाडी थोडी हलली की अंग टाकायचंच. मी डावीकडे तर हा उजवीकडे. गाडी दारू प्यायल्यासारखी चालली. मी ओरडलो, "भाऊजी, सरळ बसा!" "वळण आहे न बे!" "वळण इकडे आहे! तुमी तिकडे कायले झुकून राह्यले?" "मले काय दिसते!" "मंग डोळे उघडा!" "नाई उघडत!" असं भांडत आम्ही पाच किलोमीटर गेलो आणि भ्यायला मला सवडच मिळाली नाही.

नाल्याच्या पुढे तीन रोही उभे होते. दोन रस्त्याच्या कडेला आणि एक जवळजवळ रस्त्यात. मी गाडी हळू केली. मागून आवाज आला, "काय झालं?" मी म्हटलं, "रोही." माझ्या पाठीवर त्याचं काळीज धाडधाड आपटत होतं, ते मला शर्टातून कळत होतं. मग डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणाला, "रिकामी जागा पाह्य."

मी पाहिलं. उजव्या बाजूला रस्ता मोकळा होता, बैलगाडी जाईल एवढा. मी त्या जागेवरून नजर हलवली नाही. गाडी तिथूनच गेली. रोही आमच्याकडे पाहत उभे राहिले असतील, मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

तांड्यावर पोचल्याबरोबर चॅम्पियन खाली उतरला, चार पावलं गेला आणि बोरीच्या झाडाखाली भडाभडा ओकला. किसनच्या आईनं, तिला तो याडी म्हणतो, त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी किसनची गाय पाहिली. रिकाम्या दावणीकडे पाहायचं टाळलं. किसन म्हणाला, "पाय बरा झाला न डाक्टर?" मी म्हटलं, "हो." भाटवा झाडाखालून ऐकत होता. मला वाटलं, आता हा सवयीप्रमाणे खरं बोलणार आणि माझी इज्जत मातीत जाणार. तो गुळण्या करत राहिला. परत जायची वेळ आली तर म्हणाला, "मी नाई बसत तुह्या गाडीवर. मले भेव वाटते." आणि कापसाच्या ट्रॅक्टरमध्ये गाठोड्यांवर बसून गेला.

त्यानंतर या माणसानं उच्छाद मांडला. पानठेल्यावर, बाजारात, लग्नात, जिथं जाईल तिथं सांगायचा, "डाक्टरले गाडी म्या शिकवली." लोक हसून लोळायचे. बबन म्हणायचा, "तू? अबे, डाक्टर पंधरा वर्षं गाडी चालवते, तुले स्टँड लावता येत नाई!" हा गालातल्या गालात हसायचा आणि म्हणायचा, "शिकवली म्हणजे शिकवली." मी चार वर्षं चिडलो. त्याच्या तोंडावर म्हटलं, "भाऊजी, कायले फेकता?" लोकांना म्हटलं, "लक्ष नका देऊ, असाच आहे तो." एकदा तर बबनच्या ठेल्यावर सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून मीही हसलो. तो तिथंच उभा होता. कधी शिकवली, कशी शिकवली, फाटकाजवळ काय होत होतं, यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही. लोकांनी त्याला फेकू म्हटलं, तो फेकू झाला. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती त्याला.

यंदा पोळ्याच्या आधी, दुकानात मांडीवर मोटार घेऊन बसला असताना त्याच्या छातीत कळ आली. तार हातात होती, तसाच बाजूला कलंडला. ताईला वाटलं, सवयीनं कलंडला असेल. मी पोचलो तेव्हा त्याला ओट्यावर ठेवलं होतं. मी मनातल्या मनात तीन आकडे मोजले. मोजायला नको होते.

तेरवीला मांडव पडला. मांडववाला लाइट जोडायला आतल्या खोलीत गेला आणि मशीनच्या प्लगला हात घातला, तशी ताई पाहुण्यांतून उठून धावली. "तो नको काढू! दुसरीकडून घे!" पाच महिन्यांपूर्वी तीच त्या टिनपाटाला जाळायला निघाली होती. यादीवरची दहाही नावं तशीच होती.

पंगत बसली. माझ्या बाजूला बबन, समोरच्या ओळीत किसन. त्याच्या तीन मोटारी भाटव्यानं बांधल्या होत्या, म्हणून तो तांड्यावरून मुद्दाम आला होता. जेवता जेवता बबन बोललाच, "गेल्या माणसाबद्दल बोलू नाई डाक्टर, पण चॅम्पियन लय फेकायचा. काय तर म्हणे, डाक्टरले गाडी म्या शिकवली!" आजूबाजूचे चार लोक हसले, तेरवीत हसतात तेवढंच. माझ्याकडे पाहिलं त्यांनी, मीही हसेन म्हणून.

"फेकत नव्हता," मी म्हटलं. "रोह्यानं पाडल्यावर मले भेव बसलं होतं. माह्यानं फाटकाबाहेर गाडी निघत नव्हती. पाय कधीचा बरा झाला होता. मी पायाचं खोटं सांगत होतो सगळ्याइले. यानंच शिकवली मले गाडी."

बबन पत्रावळीतली भाजी चिवडत राहिला. किसननं मान वर केली होती. त्याचा हात वरणभातात तसाच थांबला होता आणि तो माझ्याकडे बघत होता, म्हशीचा हिशेब त्याच्या डोळ्यांत लागत असलेला मला दिसत होता. मी खाली पाहणार होतो. पाहिलं नाही.

मग किसननं मागे वळून वाढप्याला हाक मारली. माझ्या पत्रावळीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "डाक्टरले भात वाढ."